अपरिचित मराठी विशेषनाम इंग्रजी वाक्यात कसे बसवावे

पुणे, मुंबई, शिवाजी किंवा टिळक ही नावे इंग्रजी वाक्यात घालताना लिहिणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही, कारण त्यांचे स्पेलिंग रूढ झालेले असते आणि वाचकालाही ती कशाची नावे आहेत हे ठाऊक असते. अडचण येते ती गडहिंग्लज, दिवे, माण, उरुळी, वझे अशा नावांपाशी. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, जमिनीच्या कागदपत्रांचे भाषांतर करणारा अनुवादक, गावाच्या इतिहासाची इंग्रजी पुस्तिका काढणारे मंडळ, संस्थेचा वार्षिक अहवाल तयार करणारा कार्यकर्ता, या सगळ्यांना रोज अशी नावे हाताळावी लागतात आणि त्यांपैकी बहुतेक जण ती केवळ रोमन अक्षरांत उतरवून मोकळे होतात. त्यामुळे वाक्य व्याकरणाला धरून असूनही वाचकाला नदी कोणती, गाव कोणते आणि माणूस कोणता हे उमगत नाही.

या अडचणीचे मूळ दोन भाषांच्या घडणीत आहे. मराठीत नावाला प्रत्यय लागतो, त्याचे सामान्यरूप होते आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणजे नाव आणि क्रियापद मिळून बरीच माहिती पुरवतात. इंग्रजीत नाव आहे तसेच उभे राहते आणि ती माहिती उपपद (‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’), नावाआधीचा शब्द, स्वल्पविरामांतले स्पष्टीकरण आणि सर्वनाम यांच्याकडून काढून घ्यावी लागते. तेव्हा नावाचे एकच रूप पक्के करणे आणि मग त्याच्याभोवतीचे वाक्य नीट रचणे असे हे दुहेरी काम आहे. पुढे इंग्रजी उदाहरणे देवनागरीतच दिली आहेत. जेथे स्पेलिंगचा प्रश्न आहे तेथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

आधी नावाचे मूळ रूप शोधावे

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, पण नाव जितके कमी परिचयाचे तितकी ती महत्त्वाची ठरते. ‘साताऱ्याचे’ यावरून सातारा आणि ‘ठाण्याला’ यावरून ठाणे हे आपण सवयीने ओळखतो. परंतु मराठी मजकुरात ‘दिव्याच्या शाळेत’ एवढेच असेल, तर मूळ नाव दिवा की दिवे हे त्या रूपावरून सांगता येत नाही. ठाण्याजवळचे दिवा वेगळे आणि सासवडच्या वाटेवरच्या घाटाला ज्याचे नाव आहे ते दिवे गाव वेगळे. आकारान्त आणि एकारान्त, दोन्ही प्रकारच्या नावांचे सामान्यरूप असे एकसारखे होत असल्याने छोट्या गावांच्या बाबतीत हा गोंधळ वारंवार होतो.

आडनावांचेही असेच आहे. ‘आपट्यांनी’, ‘फडक्यांचा’, ‘लेल्यांकडे’ ही रूपे मराठी माणसाला अवघड नाहीत, परंतु मराठी घरात वाढूनही इंग्रजीतच शिकलेल्या अनुवादकाने ‘पाटलांनी’ यावरून पाटल असे आडनाव तयार करण्याची शक्यता खरी आहे. म्हणून मजकुरात नाव प्रथमेत, म्हणजे प्रत्ययाशिवाय, कोठे आले आहे ते आधी शोधावे. तसे ते कोठेच आले नसेल तर तालुका, जिल्हा, जवळचे स्थानक अशा बाहेरच्या खुणांवरून ते निश्चित करावे आणि तोवर पुढचे भाषांतर करू नये.

आद्याक्षरांमध्ये एक खास सापळा आहे. मराठीत आद्याक्षर हे अक्षर असते, वर्ण नव्हे; त्यामुळे ‘चिं. त्र्यं. खानोलकर’ यांचे इंग्रजीत ‘सी. टी. खानोलकर’ होते. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांच्या नावातला ‘श्री’ हा श्रीपादमधला आहे, आदरार्थी श्री नव्हे. तो ‘मिस्टर’ समजून ‘मिस्टर एन. पेंडसे’ असे लिहिले की माणूसच बदलतो. इंग्रजीत ते एस. एन. पेंडसे होत.

स्पेलिंग ठरवावे, बनवू नये

नियम लावून स्पेलिंग तयार करणे हा शेवटचा उपाय समजावा. माणसाच्या बाबतीत त्याने स्वतः वापरलेले स्पेलिंग हे सर्वोच्च प्रमाण होय, मग ते उच्चाराशी जुळो वा न जुळो. अभिनेत्री माधुरी दीक्षित यांच्या आडनावात एक्स आहे, तर दुसरे एखादे दीक्षित कुटुंब के-एस-एच असे लिहीत असेल. दोन्ही बरोबर आहेत आणि आपण त्यांत एकवाक्यता आणायला जाऊ नये. कुसुमाग्रजांचे इंग्रजीतले नाव व्ही. व्ही. शिरवाडकर असे लिहितात तेव्हा आद्याक्षरांत व्ही असतो आणि आडनावातल्या ‘वा’साठी मात्र डब्ल्यू रूढ आहे. एकाच नावात एकच व्यंजन दोन अक्षरांनी लिहिले जाते हे पाहून संपादकाचा हात शिवशिवतो, पण तो आवरावा.

गावाच्या बाबतीत जनगणनेतील गावांची यादी, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, टपाल खात्याची पिनकोड सूची आणि रेल्वे स्थानकाची पाटी या चार ठिकाणी पाहावे. चारही एकमेकांशी जुळतीलच असे नाही. न जुळल्यास सरकारी कामासाठी लिहिताना जनगणनेचे किंवा राजपत्राचे आणि प्रवाशासाठी लिहिताना स्थानकाचे स्पेलिंग घ्यावे, कारण तो पाटीच शोधणार असतो. ‘व’साठी वसईत व्ही आणि वाई, वर्धा, वाशिम यांत डब्ल्यू का, याला आज कोणताही उपयोगी नियम नाही, जे रूढ आहे ते लिहावे.

कोणतेच रूढ स्पेलिंग सापडले नाही, उदाहरणार्थ एखादी वाडी, पाणंद किंवा ओढा असेल, तरच लिप्यंतर पद्धतीकडे वळावे. आपल्याकडे नकाशांसाठी हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरली जाते. तिच्या रोजच्या वापरात ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांत भेद राहत नाही, त्यामुळे टिळकांचा ळ आणि मालवणचा ल इंग्रजीत एकच होतात. सर्वसाधारण वाचकासाठी हे पुरेसे आहे. भाषाशास्त्र, शिलालेख किंवा संतसाहित्य यांवर लिहायचे असेल, तर चिन्हांकित अक्षरांची पद्धत, म्हणजे संस्कृतासाठी रूढ असलेली आयएएसटी किंवा 2001 साली प्रसिद्ध झालेले आयएसओ 15919 हे मानक घ्यावे. तेथे ळ साठी अक्षराखाली टिंब असलेला एल आहे. मात्र एक नाव चिन्हांसह आणि दुसरे चिन्हांशिवाय असे करू नये. ज्ञानेश्वर हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय, संस्कृताप्रमाणे जे-एन आणि हिंदीप्रमाणे जी-वाय अशा तीन प्रकारांनी सुरू होते; महाराष्ट्राविषयीच्या लेखनात पहिला प्रकार घ्यावा असे मी सुचवीन, पण उद्धृत केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात जे असेल ते तसेच ठेवावे.

इतरांनी लिहिलेली वाक्ये पाहावीत

स्पेलिंग मिळाल्यावर ते नाव इंग्रजी वाक्यांत कसे आले आहे याचे नमुने जमवावेत. जुनी गॅझेटियर (जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तके), न्यायालयांचे निवाडे, विद्यापीठीय नियतकालिके आणि इंग्रजी वृत्तपत्रे यांत नाव अवतरणचिन्हांत घालून शोधले की काही वाक्ये मिळतात. प्रत्येक वाक्यात चार गोष्टी पाहाव्यात: नावाआधी उपपद आहे का, नावानंतर जातिवाचक शब्द (टाउन, फोर्ट, लेक असा) आहे का, पहिल्या उल्लेखाला काय स्पष्टीकरण दिले आहे आणि दुसऱ्या उल्लेखाला नाव किती आखूड केले आहे. यंत्राने बनवलेली ‘उदाहरण-वाक्ये’ देणारी संकेतस्थळे मात्र टाळावीत. दुर्मिळ नावासाठी त्यांत कोठलेही नाव कोठल्याही साच्यात भरलेले असते.

नमुने वाचताना त्यांचा काळ आणि प्रकार लक्षात घ्यावा. गॅझेटियरमध्ये ‘द सातारा डिस्ट्रिक्ट’ असे सापडेल, आज ‘सातारा डिस्ट्रिक्ट’ एवढेच लिहितात. पोलिसी आणि न्यायालयीन इंग्रजीत अनोळखी माणसाच्या नावाआधी ‘वन’ हा शब्द येतो, ‘वन शंकर पाटील’ असा; त्याचा अर्थ ‘शंकर पाटील नावाचा कोणी एक’ एवढाच असतो. फिर्यादीत तो शोभतो, गावाच्या शतकमहोत्सवी पुस्तिकेत शोभत नाही.

उपपद नावावर नव्हे, वस्तूच्या जातीवर ठरते

मराठीला उपपद नाही, म्हणून आपला सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. शाळेत ‘विशेषनामाआधी उपपद येत नाही’ असे शिकलेले असते आणि ते अर्धेच खरे आहे. एकच नाव घेऊन पाहू. कोयना ही नदी आहे, म्हणून ‘द कोयना जॉइन्स द कृष्णा ॲट कराड’. इंग्रजीत नद्यांना ‘द’ लागतो. त्याच नावाच्या रेल्वेगाडीलाही ‘द’ लागतो, ‘द कोयना एक्सप्रेस’. 11 डिसेंबर 1967 रोजी झालेल्या भूकंपालाही लागतो, ‘द कोयना अर्थक्वेक ऑफ 1967’, पण तेथे ‘द’ हा कोयनेचा नसून भूकंपाचा आहे. कोयना हे केवळ त्याचे विशेषण झाले आहे. कोयनानगर ही वसाहत असल्याने तिला उपपद नाही: ‘ही वर्क्ड इन कोयनानगर’. धरणाच्या बाबतीत ‘कोयना डॅम’ आणि ‘द कोयना डॅम’ अशी दोन्ही रूपे चांगल्या लेखकांत आढळतात. एक निवडून ते शेवटपर्यंत ठेवावे. आणि कोणी मुलीचे नाव कोयना ठेवले असेल, तर तिला अर्थातच ‘द’ लागत नाही. ‘कोयना इज इन स्पेट’ असे ‘द’विना लिहिले, तर इंग्रजी वाचक क्षणभर कोणा बाईला पूर आला असे वाचतो.

ही तपासणी कोणत्याही नावाला लावता येते. नद्या, समुद्र, वाळवंटे, पर्वतरांगा आणि द्वीपसमूह यांना ‘द’ लागतो: द गोदावरी, द अरेबियन सी, द सह्याद्रीज, द वेस्टर्न घाट्स. एकेकटे शिखर, सरोवर, शहर, गाव, रस्ता आणि बहुतेक किल्ले यांना लागत नाही: 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लेक, पुण्यातला लक्ष्मी रोड, रायगड. लेण्यांच्या समूहाला लागतो, ‘द अजंठा केव्हज’. प्रदेशांचे मात्र एकेकाचे वेगळे आहे. दख्खनला ‘द डेक्कन’ म्हणतात, कोकणाला जुन्या आणि बऱ्याच नव्या लेखनातही ‘द कोकण’ म्हणतात, विदर्भ आणि मराठवाडा यांना मात्र उपपद लागत नाही. यामागे तर्क शोधू नये, रूढी पाळावी.

नावात ‘ऑफ’ आला की ‘द’ येतो हे विद्यापीठांच्या नावांत दिसते: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण ‘शिवाजी युनिव्हर्सिटी’. घराणी आणि समूह अनेकवचनात ‘द’ घेतात, द सातवाहनाज, द यादवाज ऑफ देवगिरी. पदवी एकटी आली तर ‘द पेशवा’, नावाला जोडून आली तर ‘पेशवा बाजीराव’. मराठी ही भाषा ‘मराठी’, तिला ‘द मराठी’ म्हणणे चूक; ‘द मराठी लँग्वेज’ चालते.

माणसाच्या नावाआधी उपपद येते तेव्हा अर्थ बदलतो आणि हा बदल मुद्दाम वापरता येतो. ‘अ मिस्टर लेले कॉल्ड’ याचा अर्थ लेले नावाचे कोणी गृहस्थ, ज्यांना बोलणारा ओळखत नाही. ‘द लेलेज’ म्हणजे लेले कुटुंब. ‘द लेले आय न्यू’ म्हणजे मला माहीत असलेला तो लेले, आताचा नव्हे. नागपुरात 1924 साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला इंग्रजीत ‘अ गायतोंडे’ म्हणतात आणि दोन चित्रांना ‘टू गायतोंडेज’. अनावधानाने ‘अ’ पडला तर असलाच काही अर्थ निघू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

‘अ’ की ‘ॲन’ हे पहिल्या उच्चारावर ठरते, अक्षरावर नाही. इंग्रजी यू हे अक्षर पाहून लोक ‘युनिव्हर्सिटी’च्या चालीवर ‘अ उरण फिशरमन’ लिहितात; उरणचा उच्चार उ ने सुरू होतो म्हणून ‘ॲन उरण फिशरमन’ हवे. औसा, औंध, उमरेड यांनाही ‘ॲन’. यवतमाळ आणि वाई यांना ‘अ’. आद्याक्षरांच्या संक्षेपातही कानच प्रमाण: ‘ॲन एमपीएससी कॅन्डिडेट’, ‘ॲन एसटी बस’.

पहिल्या उल्लेखाला ओळख द्यावी

अपरिचित नाव पहिल्यांदा येईल तेथेच ते काय आहे हे सांगणे हा इंग्रजी गद्याचा शिष्टाचार आहे. सर्वांत सोयीची रचना म्हणजे नाव, स्वल्पविराम, ओळख, स्वल्पविराम: ‘गडहिंग्लज, अ टाउन इन कोल्हापूर डिस्ट्रिक्ट, हॅज…’. दुसरा स्वल्पविराम विसरणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. ‘इन गडहिंग्लज, कोल्हापूर डिस्ट्रिक्ट, द स्कूल…’ यात डिस्ट्रिक्टनंतरचा स्वल्पविराम गाळला की शाळा जिल्ह्याला चिकटते. ओळख किती द्यायची हे वाचकावर ठरवावे. पुण्यातल्या इंग्रजी वाचकाला तालुका पुरे, दिल्लीच्या वाचकाला राज्य हवे, लंडनच्या वाचकाला मोठ्या शहरापासूनची दिशा आणि अंतर अधिक उपयोगी पडते.

जातिवाचक शब्द जोडताना द्विरुक्तीची भीती बाळगू नये. सिंहगडात गड आहे, म्हणून ‘सिंहगड फोर्ट’ चूक असे काही जण सांगतात. ज्याला गड म्हणजे काय हे माहीत नाही त्याला फोर्ट हा शब्द लागतोच. पुढच्या उल्लेखांत तो गाळावा. ‘लोणार सरोवर लेक’ मात्र नको, कारण तेथे सरोवर हा शब्द भाषांतरित करून टाकता येतो. सिंहगडातला गड नावाचाच भाग असल्याने तो तसा काढता येत नाही.

विशेषनाम तिरक्या टायपात छापू नये. परभाषेतले सामान्य शब्द इंग्रजीत तिरके छापतात, नावे नाहीत. ‘पाणंद’ तिरका होईल, ‘पाणंदवाडी’ होणार नाही. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने कॅपिटलकडेही दुर्लक्ष होते. नावाचा भाग असलेला जातिवाचक शब्द कॅपिटलने सुरू होतो, नुसते वर्णन असलेला होत नाही.

उच्चाराची खूण फक्त गरज असेल तेथे द्यावी. एकारान्त नावे ही खरी गरज आहे, कारण इंग्रजी वाचक शेवटचा ई मूक धरतो आणि साठे यांचे साथ, आपटे यांचे आप्ट होते. व्याख्यानाच्या निवेदनात किंवा ध्वनिमुद्रणाच्या संहितेत अशी खूण कंसात द्यावी. छापील लेखात ती प्रत्येक नावाला देत बसलो तर मजकूर वाचवत नाही.

नाव इंग्रजी शब्दासारखे दिसत असेल तर

ही बाब नियमांच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही आणि मराठी नावांना ती विशेष जाचते. आडनावांत मोरे, माने, गोरे, साने, दाते, काळे, लाड आणि गावांत पेण, माण, दिवा, दिवे यांचे रोमन रूप अक्षरशः इंग्रजी शब्दांसारखे होते: मोअर, मेन, गोअर, सेन, डेट, केल, लॅड, पेन, मॅन, दीवा, डाइव्ह. कॅपिटल अक्षर हीच काय ती खूण, आणि वाक्याच्या सुरुवातीला तर प्रत्येकच शब्द कॅपिटलने सुरू होत असल्याने ती खूणही जाते. आडनाव मोरे आणि ‘मोरे केम टु द ऑफिस’ हे वाक्य. इंग्रजी वाचक ‘आणखी काही जण कार्यालयात आले’ असे वाचणार.

उपाय तीन. असे नाव वाक्याच्या आरंभी एकटे ठेवू नये. आधी पूर्ण नाव, पदवी किंवा हुद्दा घालावा. गावाच्या नावाआधी ‘द टाउन ऑफ’ किंवा नंतर ‘तालुका’ जोडावे. ‘माण तालुका इन सातारा डिस्ट्रिक्ट’ हे ‘इन माण’ पेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. आणि असे नाव दुसऱ्या नामाआधी विशेषणासारखे वापरू नये, कारण ‘पेण आयडल्स’ म्हणजे लेखणीच्या मूर्ती वाटतात.

एक वाक्य टप्प्याटप्प्याने घडवून पाहू. मूळ कल्पित मराठी वाक्य असे: ‘दिव्याच्या मोऱ्यांनी पेणच्या गणपतींचा व्यापार सुरू केला.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘मोरे ऑफ दिवा स्टार्टेड द ट्रेड ऑफ पेण गणपतीज’ होते. त्यात चार शब्द वाचकाला फसवतात: मोरे म्हणजे अधिक, दिवा म्हणजे नामांकित गायिका, पेण म्हणजे लेखणी, आणि गणपतीज म्हणजे अनेक देव की अनेक मूर्ती हे कळत नाही. आधी मूळ रूपे लावली: संदर्भावरून गाव दिवे आहे, आडनाव मोरे. मग पूर्ण नाव मिळवले, ते शंकर मोरे असे समजू. मग ओळख घातली: ‘शंकर मोरे, अ ट्रेडर फ्रॉम द व्हिलेज ऑफ दिवे, निअर सासवड, बिगॅन डीलिंग इन गणेश आयडल्स मेड इन द टाउन ऑफ पेण’. वाक्य दुप्पट लांब झाले आहे. पुढच्या वाक्यात नुसता ‘ही’ पुरतो, त्यामुळे ही लांबी एकदाच सोसावी लागते.

षष्ठी आणि अनेकवचन

बहुतेक मराठी नावे स्वरान्त असल्याने अपॉस्ट्रॉफी आणि एस लावून काम होते. प्रश्न येतो तो एसने संपणाऱ्या नावांचा: रामदास, व्यास, गोव्यातले फर्नांडिस आणि डायस. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल या अमेरिकी लेखननियमांच्या ग्रंथाप्रमाणे अशा एकवचनी नावालाही अपॉस्ट्रॉफी आणि आणखी एक एस लागतो. असोसिएटेड प्रेसची वृत्तपत्रीय पद्धत नुसता अपॉस्ट्रॉफी लावते. पुस्तकासाठी पहिली आणि बातमीसाठी दुसरी पद्धत सोयीची. एका मजकुरात दोन्ही नकोत.

अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी कधीही येत नाही. दारावरच्या पाटीवर ‘द जोशीज’ लिहिताना एसआधी अपॉस्ट्रॉफी घालण्याची पद्धत घरोघर दिसते आणि ती चूकच आहे. जोशी कुटुंबाचे घर म्हणायचे असेल तर तो एसनंतर येतो. एस किंवा झेडने संपणाऱ्या नावाला ई-एस लागून फर्नांडिसेस, व्यासेस अशी रूपे होतात. गोव्यातल्या वाझ आडनावाचे असे अनेकवचन केले की नेमके तेच रोमन रूप मुंबईतल्या वझे आडनावाच्या अनेकवचनाचेही होते, आणि वाचकाला कोणते कुटुंब अभिप्रेत आहे हे कळण्याचा मार्ग राहत नाही. अशा वेळी ‘द वाझ फॅमिली’, ‘द वझे फॅमिली’ लिहावे. एकूणच नाव लांब किंवा विचित्र होत असेल तेथे ‘फॅमिली’ आणि ‘ऑफ’ हे दोन शब्द हाताशी ठेवावेत.

पुढच्या उल्लेखांत माणसाला काय म्हणावे

इंग्रजीत दुसऱ्या उल्लेखाला आडनाव पुरते, परंतु हा नियम आपल्या सर्व नावांना लागू नाही. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांना त्याच नावाने लिहावे. शिवाजी महाराजांना पुढच्या वाक्यात ‘भोसले’ म्हणणे हास्यास्पद होईल. केशवसुत, गोविंदाग्रज अशी टोपणनावे अखंड ठेवावीत. जोतीराव आणि सावित्रीबाई एकाच मजकुरात असतील तर दोघांनाही ‘फुले’ म्हणून भागत नाही. तेथे पहिली नावे वापरावीत, मात्र दोघांनाही सारख्या रीतीने. पुरुषाला आडनावाने आणि स्त्रीला पहिल्या नावाने संबोधण्याची सवय इंग्रजी वाचकाला खटकते. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, म्हणून त्या नावाने त्या व्यक्तीचा उल्लेख कधीच करू नये.

आदरार्थी बहुवचन इंग्रजीत येत नाही: टिळक ‘वॉज’, ‘वेअर’ नव्हे. उलट बाजूने, ‘किरण आली’ यातले लिंग मराठी क्रियापद सांगते, इंग्रजी ‘केम’ सांगत नाही. किरण, सुमन, शशी अशा नावांनंतर पहिल्या दोन वाक्यांतच ‘शी’ किंवा ‘ही’ येईल अशी योजना करावी.

बदललेली नावे

गावाचे नाव बदलले असेल तर आजच्या घटनेसाठी आजचे नाव आणि जुन्या घटनेसाठी त्या काळचे नाव, सोबत पहिल्यांदा कंसात दुसरे, ही रीत बहुतेक वेळा पुरते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे 2023 पासूनची, अहिल्यानगर हे 2024 चे. परदेशी वाचक अजून औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांच्याच नावाने शोधत असतो, म्हणून कंस आवश्यक आहे. ऐतिहासिक करार आणि लढाया मात्र आपल्या नावासह गोठलेल्या असतात: 1802 चा ‘ट्रीटी ऑफ बॅसीन’ वसईत झाला, 1817 ची ‘बॅटल ऑफ किर्की’ खडकीला झाली, 1932 चा ‘पूना पॅक्ट’ येरवड्याच्या तुरुंगात झाला. 1881 साली सुरू झालेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे नाव ‘मराठा’ असले तरी त्याचे त्या काळचे स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असेच ठेवावे. संस्थांनी जुने नाव राखले असेल तर तेही तसेच: मुंबईत आहे ते ‘बॉम्बे हायकोर्ट’ आणि ‘आयआयटी बॉम्बे’.

मजकूर पन्नास पानांच्या वर असेल तर प्रत्येक नावासाठी एक नोंद ठेवावी: मूळ देवनागरी रूप, ठरवलेले स्पेलिंग आणि ते कोठून घेतले, ‘द’ लागतो की नाही, पहिल्या उल्लेखाची ओळख, पुढच्या उल्लेखाचे रूप. दुसऱ्या कोणाच्या हाती मजकूर गेला तरी ही यादी सोबत जावी. स्पेलिंग तपासणाऱ्या प्रणालीच्या शब्दकोशात ही नावे आधीच भरून टाकावीत, म्हणजे प्रणाली ती नावे सुधारण्याचा प्रयत्न करणार नाही. मोरे, माण, पेण यांसारखी इंग्रजी शब्दांशी जुळणारी नावे मात्र चुकली तरी तिला कळणार नाहीत, ती डोळ्यांनीच वाचावी लागतात. आणि शोधून बदलण्याची आज्ञा संपूर्ण मजकुरावर एकदम कधीही चालवू नये. पूनाच्या जागी पुणे करायला जावे तर ‘पुणे पॅक्ट’ तयार होतो, आणि संदर्भसूचीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथांची प्रकाशनस्थळेही त्याच फटक्यात बदलून जातात; प्रत्येक ठिकाणी थांबून, आधीचा आणि नंतरचा शब्द वाचूनच बदल करावा.